तिसरा मोती

पागोटं कानांवरून घट्ट बांधून घ्या. आज मंगळवार, १३ जानेवारी १७६१. पानिपत गावालगत मराठ्यांच्या गोटात तुम्ही उभे आहात. दिवस कलला आहे आणि उत्तरेची थंडी हाडांत शिरू लागली आहे. गोटाभोवती खंदक खणलेला आहे. त्या खंदकाच्या आत लाखाहून अधिक माणसं अडीच महिने अब्दालीच्या फौजेमुळे कोंडली गेली आहेत. लढणारे आहेतच, त्यांच्याबरोबर बाजारबुणगे आहेत, बायकामुलं आहेत, आणि फौजेच्या आसऱ्यानं काशी-कुरुक्षेत्र घडेल म्हणून देशावरून निघालेले यात्रेकरूही आहेत. मेलेल्या बैलांची आणि घोड्यांची दुर्गंधी इतकी साचली आहे, की थोड्या वेळानं ती जाणवेनाशी होते. गोविंदपंत बुंदेले गेल्या महिन्यात मारले गेले आणि दक्षिणेकडून येणारी रसद तुटली. दाणा नाही, वैरण नाही, पैसा नाही.

कुणी हटकलं तर समशेर बहाद्दरांच्या पथकातला कारकून असं सांगा. एवढं पुरेल. हे नाव ऐकलं की इथला शिपाई वाट देतो.

समशेर बहाद्दर म्हणजे थोरल्या बाजीरावसाहेबांचा आणि मस्तानीचा मुलगा. वय सव्वीस-सत्तावीस. सदाशिवरावभाऊ नात्यानं चुलतभाऊ, अठरा वर्षांचे विश्वासराव पुतण्या. उद्या या तिघांपैकी एकही परतणार नाही, हे या साऱ्या गोटात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. बोलू नका. त्यानं काही बदलायचं नाही.

शेकोटीपाशी एक म्हातारा शिलेदार हात शेकत बसला आहे. शेकोटी कसली, राखच. जाळायला काटकी उरलेली नाही. शेजारी बसा.

“कुठलं गाव, पाव्हणं?”

“पुण्याकडचं.”

“मग तुमास्नी काय सांगायचं. आमचं साहेब आन् दादासाहेब एकाच सालचे, एकाच बापाचे. दादासाहेबांची मुंज झाली, आमच्या साहेबांची न्हाई झाली. तलवार मात्र दोघांच्या हाती सारखीच दिली.”

दादासाहेब म्हणजे रघुनाथराव. दोघांचाही जन्म १७३४ चा. शिलेदारानं सगळा दावा दोन वाक्यांत मांडला आहे. पण त्याची मुळं पाहायची तर एकवीस वर्षं मागं जावं लागेल.

१७४० सालच्या सुरुवातीचं पुणं. शनिवारवाडा उठून जेमतेम आठ वर्षं झाली आहेत, सागवानाला अजून नवेपणाचा वास आहे. वाड्यात कार्यांची गडबड आहे: रघुनाथरावांची मुंज, सदाशिवरावांचं लग्न. ज्यानं हे वैभव उभं केलं तो घरात नाही. बाजीराव औरंगाबादेच्या बाजूला नासिरजंगाशी झुंजतो आहे. ब्रह्मवृंदाचा रोष त्याच्यावर आहे, आणि भाऊ चिमाजीअप्पा व थोरला मुलगा नानासाहेब या त्याच्याच माणसांनी मस्तानीला नजरकैदेत टाकलं आहे. मंत्र, सनईचौघडा, पंगती. पाच-सहा वर्षांच्या एका मुलाच्या खांद्यावर जानवं पडतं आणि तो घराण्याचा होतो. तेवढ्याच वयाच्या दुसऱ्या मुलासाठी असा दिवस कधी उगवणार नाही. त्याचं नाव कृष्णराव ठेवलं होतं आणि बाजीरावाला त्याचीही मुंज करायची होती, असं परंपरा सांगते. पुण्याच्या ब्राह्मणांनी ती होऊ दिली नाही.

मस्तानी ही बुंदेलखंडच्या महाराज छत्रसालांची मुलगी. आई राजाची पट्टराणी नव्हे, मुसलमान स्त्री. १७२९ साली महंमदखान बंगशानं छत्रसालांना जैतपुरास कोंडलं, तेव्हा बाजीराव धावून गेला. त्या उपकाराखातर म्हाताऱ्या राजानं त्याला मुलगा मानून राज्याचा तिसरा हिस्सा देऊ केला. मस्तानी पुण्यास आली ती याच नात्यातून. लग्न झालं की नाही यावर आजही वाद घालतात. मला त्या वादापेक्षा त्याचा परिणाम महत्त्वाचा वाटतो: ज्या बापानं अटकेची वाट दाखवली, त्याच्या पोटच्या मुलाला बापाच्या घरात रीतीनं उभं राहायला जागा मिळाली नाही. हा अन्याय होता, आणि धर्माचं नाव घेऊन केलेला होता.

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव वारला. त्याच वर्षी मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. पोरक्या मुलाला काशीबाईंनी सांभाळलं. ज्या बाईचा संसार मस्तानीनं वाटून घेतला, तिनंच मस्तानीच्या लेकराला जेवू घातलं. ब्रह्मवृंदाला जे जमलं नाही ते तिला जमलं. पेशवाईच्या इतिहासात तिच्या या करणीला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मुलगा वाढला, लढाया शिकला. नानासाहेबांनी त्याला भाऊ म्हणून वागवलं, बुंदेलखंडातला बांदा-काल्पीकडचा मुलूख दिला. इथं एक फरक लक्षात घ्या. रघुनाथरावांना मिळाला तो हक्क होता, समशेरला मिळाला तो सरंजाम. पेशवेपद हे नावाला छत्रपतींचं चाकरीपद. पण १७४९ च्या डिसेंबरात शाहूमहाराज वारले आणि पुण्याची गादी हीच खरी गादी झाली. त्या गादीच्या वारसांत बाजीरावाच्या या मुलाचं नाव कुणी घेतलं नाही. त्यानंही कधी मागितलं नाही.

आणि गादीसाठी रक्ताचा पुरावा मागणारं हे काही एकटं पुणं नव्हतं. त्याच सुमारास साताऱ्याला ताराबाईंनी रामराजा पुढे आणला: हा माझा नातू, शत्रूच्या भयानं लपवून वाढवलेला. तो छत्रपती झाला. वर्षभरात बिनसलं, तेव्हा त्याच ताराबाईंनी त्याला १७५० साली किल्ल्यात कैद केलं, आणि पुढे जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन सांगितलं की हा माझा नातू नव्हेच. एका म्हातारीच्या शब्दानं माणूस राजवंशाचा झाला आणि एका शब्दानं तो त्यातून गेला.

पानिपतहून दिल्ली नव्वद किलोमीटर. तिथला कायदा आणखी वेगळा. मोगलांच्या घरात राणीचा मुलगा आणि दासीचा मुलगा यांच्यात वारसापुरता भेद नाही. बाप बादशहा असला की झालं. १७४८ ते १७५४ दिल्लीच्या तख्तावर बसलेला अहमदशहा हा उधमबाई नावाच्या नाचणाऱ्या बाईचा मुलगा. त्याला तख्तावरून ओढलं, डोळे काढले; पण आईच्या जातीसाठी नव्हे, वजिराच्या स्वार्थासाठी. म्हणजे समशेर बहाद्दर दिल्लीत बादशहाच्या पोटी जन्मला असता, तर शहाजादा म्हणून वाढला असता. मुठा ओलांडून पुण्यात आलं की तोच मुलगा ओवरीबाहेरचा.

आता एक लांबची उडी घ्या, सहाशेहून अधिक वर्षं मागं आणि सात समुद्रांपलीकडे. डिसेंबर ११३५, इंग्लंड. पहिला हेन्री राजा नुकताच वारला आहे. त्याचा एकुलता एक औरस मुलगा पंधरा वर्षांपूर्वी, नोव्हेंबर ११२० मध्ये, ‘व्हाइट शिप’ नावाचं जहाज फुटून बुडाला. अनौरस मुलं मात्र वीसहून अधिक, आणि त्यांत सर्वांत मोठा, सर्वांत कर्तबगार रॉबर्ट, ग्लॉस्टरचा अर्ल. हेन्रीचा बाप विल्यम हा स्वतः लग्नाबाहेर जन्मलेला. त्यानं १०६६ साली तलवारीच्या जोरावर हेच राज्य जिंकलं, तेव्हा त्याचा जन्म आड आला नाही. पण मधल्या सत्तर वर्षांत चर्चनं विवाहाचे नियम आवळले आणि नातवाला आजोबाची वाट बंद झाली. तू राजा हो असा सल्ला रॉबर्टला देणारे होते, असं त्या काळचा इतिहासकार लिहितो. त्यानं नकार दिला. पुढे त्यानं औरस बहीण मटिल्डाच्या हक्कासाठी, गादी बळकावलेल्या स्टीफनविरुद्ध, तलवार उपसली. ११४१ साली तिला निसटता यावं म्हणून पिछाडी सांभाळताना पकडला गेला. त्याला सोडवायला मटिल्डाला कैदेतला राजा स्टीफन सोडून द्यावा लागला. एका अनौरस भावाची किंमत एक राजा ठरली. रॉबर्ट ११४७ साली वारला, काही महिन्यांत मटिल्डानं इंग्लंड सोडलं, आणि ११५४ मध्ये तिचा मुलगा त्या गादीवर बसला.

समशेर बहाद्दर आणि रॉबर्ट यांची मला एकाच ओळीत आठवण होते ती यामुळे. ज्या गादीवर आपल्याला बसता येणार नाही तीच गादी राखायला हे दोघं उभे राहिले. गोटाकडे परत या. पहाट झाली आहे.

बुधवार, १४ जानेवारी. काल रात्री भाऊंच्या डेऱ्यात सरदारांनी विडे उचलले: उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. उरलंसुरलं धान्य वाटून झालं. आता तोंडांना हळद फासलेली माणसं रांगा धरताहेत. जवळून बघा. थंडीनं चेहऱ्याची कातडी फुटली आहे आणि त्या भेगांत हळद बसली आहे. कोकणातला, खानदेशातला, बुंदेलखंडातला, ब्राह्मण, मराठा, मुसलमान, सगळ्यांचा रंग आज एक आहे. ज्या मुलाच्या अंगाला मुंजीची हळद लागली नाही त्याच्या रांगेत आज प्रत्येक तोंड पिवळं आहे.

रांग अशी: डाव्या टोकाला इब्राहिमखान गारदी आणि त्याच्या पलटणी, मग दमाजी गायकवाड, विठ्ठल शिवदेव विंचूरकर; मध्ये हुजुरात म्हणजे पेशव्यांची खास फौज, हत्तीवर विश्वासराव, भाऊ आणि जरीपटका; त्याच्या उजवीकडे यशवंतराव पवार आणि समशेर बहाद्दर; आणि पलीकडे जनकोजी शिंदे, मल्हारराव होळकर. म्हणजे मोक्याची जागा, हुजुरातीचा उजवा खांदा. ज्याला घराच्या पंगतीत जागा नव्हती, त्याला घराच्या धन्याशेजारी मरायची जागा दिली होती. पंगतीबद्दल शास्त्र्यांना विचारावं लागतं, इथं कुणालाच विचारावं लागलं नाही.

सकाळी तोफा सुरू होतात. पहिले काही तास आपले आहेत. इब्राहिमखानाच्या बंदुकी समोरचे रोहिले हजारोंनी कापून काढतात. पण गायकवाड आणि विंचूरकर यांना राहवत नाही, ते गोल मोडून घोडे घालतात, आणि गारद्यांच्या बंदुकी आपल्याच माणसांमुळे अडतात. मध्यावर हुजुरातीनं अब्दालीचा वजीर शहावलीखान याची फळी फोडली आहे. वजीर घोड्यावरून उतरून पळणाऱ्यांना शिव्या घालतो आहे. दुपारपर्यंत लढाई जिंकल्यासारखी वाटते. मग अब्दालीची राखीव फौज येते, ताजीतवानी, पोटभर जेवलेली. उंटांवरच्या जंबुरका हलत्या तोफांसारख्या पुढे सरकतात. तुमच्या भोवतालच्या घोड्यांकडे बघा. दोन महिने दाणा न मिळालेलं जनावर टाच मारूनही दौडत नाही. पानिपत हरण्याची कारणं पुस्तकांतून पुष्कळ वाचाल. त्या घोड्यांच्या बरगड्या मोजल्या तर निम्मी तिथंच सापडतील.

दुपार उतरत असताना विश्वासरावांना गोळी लागते. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर चढतात आणि गर्दीत शिरतात. मोकळी अंबारी लांबून दिसते आणि फौजेचा धीर सुटतो. उजवीकडचे काही निघून जातात. समशेर बहाद्दर निघत नाही. जखमा होईपर्यंत लढतो, मग कुणीतरी त्याला घोड्यावर घालून दक्षिणेकडे काढतं.

तुम्हीही निघा. वाटेत एक भिस्ती दिसेल, राणेखान त्याचं नाव. रस्त्याच्या कडेला पाय तुटल्यागत पडलेल्या एका तरुण सरदाराला तो आपल्या बैलावर घालतो आहे. तो सरदार महादजी शिंदे. लक्षात ठेवा, त्याचं काम पुढं आहे.

जाटांचा मुलूख दोनशे किलोमीटरांहून लांब. राजा सूरजमल मोहिमेतून आधीच रुसून निघून गेला होता, पण हरलेल्यांना त्यानं दार बंद केलं नाही. राणी किशोरीनं अन्नछत्रं उघडली. हजारो उघडेवाघडे जीव त्या मुलखात जगले. आपल्या लोकांनी हे उपकार विसरू नयेत. समशेर बहाद्दरावर तिथं उपचार झाले, पण जखमा भारी होत्या. तो डीग-भरतपूरच्या त्या मुलखातच गेला आणि सूरजमलानं त्याची कबर बांधली. बाजीरावाचा मुलगा बापाच्या घरापासून शेकडो कोस दूर, एका जाट राजाच्या आदरानं पुरला गेला.

आता भेलशाला या, जानेवारीचा शेवटचा आठवडा. नानासाहेब मोठी फौज घेऊन उत्तरेकडे निघालेले आहेत, आणि वाटेत एका सावकाराचा जासूद पकडला जातो. त्याच्याजवळच्या चिठ्ठीतली सांकेतिक भाषा तुम्हाला पाठ आहे: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्द्याची गणतीच नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. भाऊ हे चिमाजीअप्पांचे चिरंजीव, म्हणजे नानासाहेबांचे चुलतभाऊ, ते मोती. बाजीरावाचा सख्खा मुलगा मोहरांत गेला. सावकाराला दोष देऊन काय उपयोग? त्यानं पुण्याच्या हिशेबानंच मोजलं. पण तो हिशेब चुकीचा होता, आणि अडीचशे वर्षं आपण तोच घोकत आलो आहोत.

२३ जून १७६१ ला नानासाहेब पर्वतीवर वारले. त्यानंतरचा इतिहास झरझर चाळा, कारण जन्माच्या दाव्यांचं खरं उत्तर तिथं आहे.

ज्याची मुंज थाटात झाली त्या रघुनाथरावांनी पेशवेपदासाठी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात त्यांचा पुतण्या नारायणराव पेशवा याचा खून झाला, आणि १७७५ साली दादासाहेब सुरतेला इंग्रजांशी तह करून त्यांची फौज दाराशी घेऊन आले. एकाच सालच्या दोन भावांपैकी घराण्याचा मुलगा कोण, याचा निवाडा मी ३० ऑगस्टची ती तारीख पाहून करतो.

गादीच्या घरात घुसू पाहणारा आणखी एक आला, तो तर रक्ताचाही नव्हता. भाऊंचा तोतया. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नव्हतं, भाऊंचं प्रेत निःसंशय कुणी पाहिलं नव्हतं, एवढ्या आशेवर एक कनोजी माणूस सदाशिवराव बनला. रत्नागिरीच्या किल्ल्यातून १७७६ साली सुटला, कोकणात किल्ले घेतले, माणसं जमवली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात त्याला मारलं. इंग्लंडातही १४८३ साली तिसऱ्या रिचर्डनं पुतण्यांना अनौरस ठरवून गादी घेतली, पोरं टॉवरमध्ये दिसेनाशी झाली, आणि मग त्यांच्यापैकी एक मीच म्हणत पर्किन वॉरबेक उभा राहिला. १४९९ मध्ये फासावर गेला. जिथं मृत्यू नीट दाखवला जात नाही तिथं तोतये उगवतात.

आणि तो बैलावर घातलेला सरदार? महादजी हा राणोजी शिंद्यांचा लग्नाच्या बायकोचा मुलगा नव्हे, चिमाबाई या रजपूत स्त्रीचा. जयाप्पा, दत्ताजी, जनकोजी सगळे गेल्यावर सरदारीचा प्रश्न आला, तेव्हा त्याच्या जन्मावर बोट ठेवणारे पुष्कळ निघाले. अखेर १७६८ साली माधवराव पेशव्यांनी सरदारी त्याच्या हाती दिली. त्यानं १७७२ साली बादशहा शहाआलमला दिल्लीच्या तख्तावर बसवलं आणि पानिपतानं गेलेली उत्तर परत आणली. माधवरावांनी पुण्याच्या रीतीनं नाव नाकारलं असतं, तर मराठ्यांचा उत्तरेतला इतिहास तिथंच संपला असता.

समशेरचा मुलगा अलिबहाद्दर. त्याला नाना फडणविसांनी महादजींच्या मदतीला उत्तरेत पाठवलं. १७८८ च्या डिसेंबरात शहाआलमचे डोळे काढणारा गुलाम कादर मेरठकडून पळताना सापडला आणि अलिबहाद्दरच्या छावणीत आणला गेला. गुलाम कादर हा नजीबखान रोहिल्याचा नातू. पानिपतावर मराठ्यांच्या उजव्या बाजूसमोर हाच नजीब होता. तिथं पडलेल्याच्या मुलानं त्याच्या नातवाला बांधलं, आणि फौजेत बरोबरीनं होता तो भिस्ती राणेखान, आता सेनापती झालेला. पुढे अलिबहाद्दरनं बुंदेलखंड जिंकून बांद्याचं राज्य उभं केलं, आणि १८०२ साली कालिंजरच्या वेढ्यात तो गेला. त्याच्या वंशातला दुसरा अलिबहाद्दर १८५७ साली तात्या टोपे आणि झाशीच्या राणीच्या बाजूनं उभा राहिला. १८५८ च्या एप्रिलात व्हिटलॉकनं त्याला हरवलं, इंग्रजांनी बांदा खालसा केला आणि त्याला इंदुरास नेऊन ठेवलं. तो १८७३ मध्ये तिथंच वारला. पेशव्यांच्या घराची एक शाखा, जिला घर म्हणायला पुणं तयार नव्हतं, ती मराठ्यांसाठी चार पिढ्या लढली.

आता आजच्या पानिपतात या. दर वर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं काळा आंब या स्मारकापाशी येतात, भाऊंचं, विश्वासरावांचं, इब्राहिमखानाचं नाव घेतात, आणि हरयाणातले रोड मराठा त्यांच्याबरोबर उभे राहतात. तुम्ही गेलात तर समशेर बहाद्दराचं नाव विश्वासराव आणि भाऊंच्या बरोबरीनं, पेशव्यांच्या घरचा तिसरा म्हणून घ्या. आणि तिथून परतताना एक दिवस राखून भरतपूरच्या वाटेनं या.